ओटा, माळा आणि शिडी

घरातल्या संगणकाला बोलता येत नाही हे एका परीने बरेच आहे. जे काही थोडेफार तो पडद्यावर लिहून दाखवतो, त्यानेच घरोघरी पुष्कळ गैरसमज माजवले आहेत. त्यांतला सर्वांत चिवट गैरसमज एका ओळीचा आहे. कुणी शाळेचा प्रकल्प टाइप करत असते, कुणी सोसायटीचा जमाखर्च मांडत असते, कुणी अर्ज भरत असते. आणि पडद्यावर एक चौकट उगवते. ‘युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी.’ तुमच्या संगणकाची मेमरी कमी पडते आहे. फायली जतन करा आणि उघडे प्रोग्रॅम बंद करा.

आता मेमरी या शब्दाचा आपल्या घरातला अर्थ काय? तो आपल्याला मोबाइलने शिकवला आहे. ‘मेमरी फुल झाली’ म्हणजे फोटो फार झाले, लग्नाचे व्हिडिओ फार झाले, आता काहीतरी पुसा. तोच अर्थ मनात धरून माणूस संगणकापुढे बसतो आणि पुसायला लागतो. संगणक मात्र फोटोंविषयी अवाक्षरही बोललेला नसतो. त्याची तक्रार वेगळ्याच जागेची असते. ती जागा कोणती, ती अपुरी पडली की संगणक कोणती युक्ती लढवतो, आणि ती युक्तीही थकली की आपण काय करावे, एवढाच आजचा विषय. विषय यंत्राचा आहे खरा. पण त्यापायी एका घरातली दहा वर्षांची छायाचित्रे पुसली जाता जाता राहिली, हे मी पाहिले आहे.

मी शिळफाट्याला राहतो. शिळफाटा म्हटले की मुंबई-ठाण्याकडच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे मुंब्र्याजवळचा, वाहनांनी तुंबलेला फाटा येतो. तो आमचा नव्हे. आमचा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाट चढण्याआधीचा. इथल्याच एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये माझी सगळी नोकरी झाली. कोणती वस्तू कोणत्या रॅकवर, कोणती मागच्या गोदामात, हे सांभाळण्यात बत्तीस वर्षे गेली. नव्वदच्या दशकात स्टोअर्समध्ये संगणक आला, तो मी शिकलो, आणि तेव्हापासून आळीत कुणाचा संगणक रुसला की मला बोलावणे येते. मी इंजिनिअर नाही. पण या विषयाचे मर्म स्टोअर्सच्या माणसाला लवकर कळते, कारण हा विषय मुळात सामान कुठे ठेवायचे याचाच आहे.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. आपल्या घरात ओटा असतो आणि वर माळा असतो. ज्या वस्तूंशी आत्ता काम चालले आहे त्या ओट्यावर लागतात: कणकेची परात, फोडणीचा डबा, चिरलेली भाजी. हात लांबवला की मिळाल्या पाहिजेत. माळ्यावर जागा भरपूर असते. दिवाळीचे डबे, मोठी पातेली, पाहुणे आल्यावर लागणारी ताटे तिथे वर्षानुवर्षे राहतात. पण माळ्यावर बसून कुणी पोळ्या लाटत नाही. वस्तू कितीही वर असली तरी वापरायची तर खाली ओट्यावरच आणावी लागते.

संगणकातला ओटा म्हणजे रॅम आणि माळा म्हणजे डिस्क. तुमचे फोटो, पत्रे, गाणी माळ्यावर असतात. वीज गेली तरी तिथेच राहतात. रॅमवर फक्त चालू काम असते आणि यंत्र बंद झाले की तो ओटा पुसून कोरा होतो. ‘मेमरी कमी आहे’ ही तक्रार ओट्याची आहे. माळ्यावरची आजीची पैठणी विकून ओटा मोठा होत नाही, एवढे एक लक्षात आले तरी अर्धे काम झाले.

पण मग प्रश्न येतो. चार जीबीच्या ओट्यावर सहा-सात जीबीचे काम मांडलेले असताना संगणक लगेच हात का टेकत नाही? कारण त्याच्याकडे एक कामसू गडी आहे. ओटा भरत आला की तो बराच वेळ कुणी हात न लावलेली वस्तू उचलतो, शिडी लावून माळ्यावर ठेवतो आणि मोकळ्या झालेल्या जागी नवी वस्तू मांडतो. उद्या तुम्ही ती वर गेलेली वस्तू मागितलीत, तर दुसरे काही वर ठेवून ती खाली आणतो. या सगळ्या व्यवस्थेचे नाव व्हर्च्युअल मेमरी. आपल्याकडे तिला आभासी स्मृती म्हणतात. मला हा शब्द तितकासा पटत नाही. आभास म्हटले की मृगजळ वाटते, आणि इथे तर गडी घाम गाळून खरीखुरी ने-आण करत असतो. आभास असतो तो फक्त प्रोग्रॅमच्या मनात. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटते की सगळा ओटा आपलाच आहे, सलग आहे आणि आपली प्रत्येक वस्तू तिथेच आहे.

हे कसे जमते, ते मला माझ्या नोकरीमुळे पटकन उमगले. आमच्या स्टोअर्समध्ये प्रत्येक मालाचे बिन कार्ड असे. खिडकीशी आलेला कामगार फक्त मालाचा क्रमांक सांगायचा. माल पुढच्या रॅकवर आहे की मागच्या गोदामात, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. मी कार्ड पाहायचो. पुढेच असेल तर लगेच द्यायचो. गोदामात असेल तर ‘जरा थांब’ म्हणून माणूस पिटाळायचो. संगणकाचा प्रोसेसर नेमके हेच करतो. सगळी मेमरी त्याने सारख्या मापाच्या पानांत कापलेली असते. आपल्या घरच्या संगणकात एक पान ४०९६ बाइटचे, म्हणजे इंग्रजी तेवढी अक्षरे मावतील इतके. चार जीबीच्या रॅममध्ये अशी १० लाख ४८ हजार ५७६ पाने बसतात. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी कार्डांचा वेगळा गठ्ठा असतो आणि कोणते पान कुठे आहे ते त्यात नोंदलेले असते. पान ओट्यावर नसेल तर प्रोग्रॅमला क्षणभर थांबवले जाते, पान आणले जाते, कार्ड बदलले जाते आणि प्रोग्रॅम पुढे चालू लागतो. मध्ये काही घडले याचा त्याला पत्ताही नसतो.

ही युक्ती सुचण्याआधी प्रोग्रॅम लिहिणारालाच हमाली करावी लागे. अमुक भाग आता आत आण, तमुक बाहेर टाक, अशा आज्ञा त्याला स्वतः लिहाव्या लागत. ओटे तरी केवढे होते! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला, त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. हिशेब केला तर ते सगळे मिळून दहा केबी भरते. शेजारच्या घरातल्या ज्या ‘अपुऱ्या’ संगणकाची कथा मी पुढे सांगणार आहे, त्याच्या मेमरीत असे चार लाखांहून अधिक टिफ्रॅक बसले असते. त्या दहा केबीवर लोकांनी गंभीर विज्ञान केले.

ही ने-आण यंत्रावरच सोपवणारा पहिला मोठा संगणक इंग्लंडमध्ये मँचेस्टरला झाला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या या यंत्राचे नाव ॲटलस. १९६२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याचा ओटा १६ हजारांच्या आसपास शब्दांचा होता आणि माळा म्हणजे फिरणारा चुंबकीय ड्रम त्याच्या सहापट. प्रोग्रॅम लिहिणाराला मात्र दोन्ही मिळून एकच प्रशस्त जागा दिसे. कोणते पान वर पाठवायचे हे ठरवण्यासाठी पानांच्या वापराचा मागोवा घेणारी एक व्यवस्थाही त्यात होती. मागाल तेव्हाच खाली आणायचे, उगीच आधी नाही, हे तिचे सूत्र. खोपोलीच्या माणसाला हे सूत्र नवे नाही. आमच्या डोक्यावर घाटमाथ्याला, लोणावळा-वळवणच्या तलावांत पाणी साठवलेले आहे. ते नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली उतरते आणि आमच्या टाटांच्या वीजघरात वीज होते, ती १९१५ पासून. सगळा तलाव कुणी एकदम खाली सोडत नाही. विजेची मागणी येईल तसे पाणी उतरते.

घरगुती संगणकांपर्यंत ही सोय यायला पुढे वीसहून अधिक वर्षे लागली. इंटेलच्या १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये पानांची व्यवस्था आली आणि १९९० च्या विंडोज ३.० ने ती आपल्या टेबलावर आणली. त्याआधीच्या डॉसच्या दिवसांत ६४० केबीच्या हद्दीत सगळा संसार मांडण्यासाठी जी कसरत चाले, ती ज्यांनी केली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ज्यांनी केली नाही, ते सुखी.

एवढी युक्ती असताना मग रखडते कुठे? शिडीवर. ओटा आणि माळा यांच्या वेगातला फरक आपल्या रोजच्या अनुभवापलीकडचा आहे. रॅममधून काही उचलायला सेकंदाचा साधारण एक कोट्यंश भाग लागतो. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून कुठलेतरी एक पान शोधून आणायला सेकंदाचा शंभरावा भाग. दोन्ही आकडे ऐकायला क्षुल्लक वाटतात, म्हणून ते मानवी मापात आणू. ओट्यावरची मिठाची बरणी घ्यायला एक सेकंद लागतो असे धरले, तर हार्ड डिस्कच्या माळ्यावरून ती आणायला सव्वा दिवसाच्या आसपास लागेल. नव्या एसएसडीवरून आणायला पाव तास, फार तर थोडा अधिक. हार्ड डिस्कमध्ये वाचणारा हात एकच असतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ शकतो. आमच्या कर्जत-खोपोली मार्गासारखी एकेरी लाइनच म्हणा ना. एक गाडी आत असली की दुसरीने थांबायचे, मग पळसदरीला थांबा की आणखी कुठे.

अधूनमधून एखादी बरणी आणायची असेल तर हे चालून जाते. पण ओट्यावर एकाच वेळी लागणाऱ्या वस्तूच ओट्यापेक्षा जास्त झाल्या, की अनर्थ होतो. कणीक खाली आणण्यासाठी पोळपाट वर जातो, पोळपाट आणण्यासाठी लाटणे वर जाते, लाटणे आणण्यासाठी पुन्हा कणीक. गडी दिवसभर शिडीवर आणि पोळी एकही नाही. संगणकशास्त्रात या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये तिची कारणमीमांसा केली. त्यांचे म्हणणे साधे होते: प्रत्येक कामाला त्या त्या वेळी लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. चालू कामांचे हे संच ओट्यावर एकत्र मावले पाहिजेत. मावत नसतील तर कामे कमी करा. आपल्या घरी हे कसे दिसते? डिस्कचा लाल दिवा सारखा लुकलुकतो, डबा कुरकुरतो, उंदराचा बाण अडखळतो, आणि टाइप केलेले अक्षर अर्ध्या मिनिटाने उमटते. लोक म्हणतात, ‘कॉम्प्युटर हँग झाला.’ तो हँग झालेला नसतो. तो शिडीवर असतो.

आता ती शेजारची कथा. २०२४ च्या पावसाळ्यातली. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान माझ्याच कारखान्यात होते. माझ्याहून वयाने बरेच लहान. दोन वर्षांपूर्वी ते अचानक गेले. घरात २०१३ मध्ये जुळवून घेतलेला संगणक होता, चार जीबी रॅमचा. मुलगी इंजिनिअरिंगला. तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि कागदपत्रे जोडायला गेले की ती मेमरीची चौकट येऊन ब्राउझरचे पान कोरे पडत होते. वहिनींनी गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोनवरच विचारले. त्याने फोनवरच निदान केले: मेमरी भरली आहे, फोटो उडवा, नाहीतर नवीन घ्या.

मी गेलो तेव्हा वहिनी वही घेऊन बसल्या होत्या. ‘भाऊजी, ह्यांचेच फोटो आहेत हो सगळे. थोडे काढले तर भागेल का?’ वहीत त्यांनी फोटोंचे क्रमांक उतरवून काढले होते. पुसायचे त्यांच्यावर काट. महडच्या वरदविनायकाला गेले होते त्या दिवसाचे एकवीस होते, त्यांतल्या एकोणीसांवर काट होती. झेनिथच्या धबधब्यावर मुलीला खांद्यावर घेतलेल्या सहांपैकी पाचांवर. एक ठेवला की बाकीचे तेच, असा त्यांनी स्वतःच्या मनाशी हिशेब केला होता.

‘एकही पुसू नका,’ म्हटले. ‘आधी बघू तर खरे, अडलेय कुठे.’

बघण्याची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या विभागात मेमरीवर टिचकी मारायची. पहिला आकडा ‘इन यूज’, म्हणजे ओटा किती भरला. तो ३.९ पैकी ३.५ होता. भरलेला, पण चार जीबीच्या यंत्रात हे रोजचेच. खरा गुन्हेगार खालच्या ‘कमिटेड’ या आकड्यात होता: ५.६ भागिले ५.९.

हा आकडा पतसंस्थेच्या माणसाला लगेच कळेल. प्रत्येक प्रोग्रॅम गरजेपेक्षा जास्त जागा मंजूर करून घेतो आणि सगळी एकदम वापरत नाही. विंडोज ती मंजूर करत राहते, पण एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा म्हणजे ओटा अधिक माळ्यावरचा राखीव कोपरा. या कोपऱ्याला पेजफाइल म्हणतात. पहिला आकडा दिलेल्या मंजुऱ्यांचा, दुसरा मर्यादेचा. दोन्ही आकडे भिडायला आले की ती चौकट येते, आणि भिडले की प्रोग्रॅम कोसळू लागतात. वहिनींच्या संगणकात राखीव कोपरा जेमतेम दोन जीबीचा उरला होता. विंडोज तो एरवी गरजेप्रमाणे आपणहून वाढवते, पण वाढवायला सी ड्राइव्हवर मोकळी जागा हवी ना! शंभर जीबीच्या सी ड्राइव्हवर सहाशे एमबीसुद्धा शिल्लक नव्हते. शेजारचा डी ड्राइव्ह मात्र जवळपास रिकामा. संगणक जुळवणारे लोक पूर्वी एकाच डिस्कचे असे तीन तुकडे करून देत, आणि घरातली माणसे सगळे काही डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हवरच, ठेवत जात.

तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या सल्ल्यात सत्याचा एक कण होता, हे मान्य केले पाहिजे. माळा तुंबला की शिडीवरच्या गड्यालाही वस्तू ठेवायला जागा राहत नाही. पण त्यासाठी फोटो पुसायचे कारण नव्हते, हलवायचे होते. त्याआधी आणखी एक गोष्ट. ते फोटो त्या एकाच डिस्कवर होते, दुसरी प्रत कुठेही नव्हती. आणि ती अकरा वर्षांची डिस्क पाने आणण्या-नेण्यात दिवसरात्र राबत होती. माझ्या मते त्या घरातला खरा धोका मेमरीचा नव्हताच, हा होता. म्हणून मुलीला वेगळी डिस्क आणायला पिटाळले, सगळे फोटो तिच्यावर उतरवले, पाच-सहा उघडून खात्री केली, मगच मूळचे डी ड्राइव्हवर हलवले. मग डिस्क क्लीनअपने विंडोजच्या जुन्या तात्पुरत्या फायली काढल्या. डाउनलोडमध्ये एकाच माहितीपत्रकाच्या बारा-बारा प्रती होत्या, त्या काढल्या. यंत्र पुन्हा सुरू केले. तासाभराने कमिटेडचा दुसरा आकडा नऊच्या पुढे गेला होता. चौकट आली नाही. अर्ज रात्री साडेनऊला गेला. संगणक रखडतच होता, पण कोसळत नव्हता. वहिनींनी वहीतले पान फाडले नाही, दुमडून आत ठेवले.

रखडणे थांबवायला खर्च करावा लागला, पण नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ. मदरबोर्डवर रॅमची एक खाच रिकामी होती. डीडीआर-३ जातीची चार जीबीची जुनी पट्टी मिळाली, ती बसवली. महिन्याभराने हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी घातली. ओटा दुप्पट झाला आणि सव्वा दिवसाची शिडी पाव तासावर आली.

हे करण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. रॅमच्या पट्ट्यांच्या जाती एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ चालत नाही, आणि लॅपटॉपची पट्टी आखूड असते. दुसरे, विंडोज ३२ बिटांची असेल तर चार जीबीच्या वर रॅम घालून उपयोग नाही; तितक्यापुढचे पत्ते तिला लिहिताच येत नाहीत. सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या माहितीत हे लिहिलेले असते. नव्या पातळ लॅपटॉपांपैकी पुष्कळांत रॅम बोर्डालाच डाक देऊन बसवलेली असते, ती मागाहून वाढवता येत नाही. घेतानाच विचारावे, आणि दुकानदार ‘कशाला लागतेय एवढी’ म्हणाला तरी पुन्हा विचारावे.

फुकटातले उपाय आधी करावेत हे उघड आहे. टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेस विभागात मेमरीच्या स्तंभावर टिचकी मारली की सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर येतो. बहुतेक घरांत तो ब्राउझरच असतो, तीस-तीस पाने उघडी ठेवलेला. स्टार्टअप विभागात यंत्र चालू होताच न बोलावता हजर होणारी पाहुणेमंडळी दिसतात. त्यांतली ओळखीची आणि अनावश्यक तेवढी बंद करावीत, अनोळखी चाळवू नयेत. एखादा प्रोग्रॅम काही न करता तासागणिक फुगत असेल तर तो घेतलेली जागा परत करत नाही असे समजावे; तो बंद करून पुन्हा उघडावा. आणि एक गंमत. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपची सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण झोपत नाही, आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच उचलतो. पूर्ण ताजेतवाने करायचे असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे. रोज रात्री नेमाने शट डाउन करणाऱ्या शिस्तप्रिय मंडळींचा संगणक महिनोन्महिने खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो.

काही उपायांपासून दूर राहिलेले बरे. ‘रॅम बूस्टर’ नावाची जी औषधे मिळतात, ती चालू प्रोग्रॅमांची पाने जबरदस्तीने माळ्यावर ढकलतात आणि ओटा कसा स्वच्छ झाला ते आकड्यात दाखवतात. दुसऱ्या मिनिटाला तीच पाने पुन्हा खाली आणावी लागतात. रिकामा ओटा हे काही भूषण नाही. विंडोज रिकाम्या रॅममध्ये पुढे लागू शकतील अशा गोष्टी मांडून ठेवते, आणि ते योग्यच आहे. दुसरा अघोरी सल्ला पेजफाइल बंद करण्याचा. ‘शिडीच काढून टाकली की चढणे-उतरणे बंद’ असा त्यामागचा तर्क. मग मंजुरीची मर्यादा फक्त ओट्यावर येते आणि भरल्या पंक्तीत प्रोग्रॅम कोसळतात. पेजफाइल रॅमच्या दीडपट ठेवा हा जुना ठोकताळाही आता सोडून द्यावा. आकार विंडोजलाच ठरवू द्यावा आणि सी ड्राइव्हवर वीस-पंचवीस जीबी मोकळे राहतील एवढे आपण पाहावे.

रॅमच्या किमतीविषयी मात्र माझ्याकडे चांगली बातमी नाही. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभी राहणारी प्रचंड संगणककेंद्रे तिचा मोठा वाटा उचलू लागली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मोठ्या उत्पादकाने ‘क्रूशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा आपला व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणजे शिळफाट्यावरच्या दोन खोल्यांतला ओटा आणि त्या अवाढव्य केंद्रांचे ओटे एकाच बाजारात उभे आहेत. अशा वेळी जुने यंत्र फेकण्याआधी तीन कळा दाबून दोन आकडे पाहिलेले स्वस्त पडते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. वहिनींच्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मुलीने त्या दिवाळीच्या सुटीत स्वतःच त्यावर लिनक्स चढवले, फोटोंची दुसरी प्रत शाबूत आहे ना हे आधी पाहून. लिनक्समध्ये पेजफाइल नसते; त्याच कामाच्या जागेला तिथे स्वॅप म्हणतात. तिने तो आलेख उघडून दाखवला तेव्हा वहिनी चष्मा लावून पुढे आल्या आणि विचारते झाल्या, ‘हाच ना ग तो माळा?’ स्वॅपचा आकडा शून्यावर होता. ओटा निम्मा मोकळा होता, आणि पडद्यावर मागे महडचा फोटो लावलेला होता.